महादेव कोळ्यांचा इतिहास व लेखणीचें वतन

पुणें जिल्ह्यांतील जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीचा जो घाटमाथा आहे, त्यावरील महादेव कोळी जमातीविषयीं कांहीं लिहावयाचें झाल्यास आमचे संशोधक बहुधा दोन ग्रंथ पुढें ओढतात. पहिला, कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यानें एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत प्रसिद्ध केलेला या जमातीचा वृत्तांत. दुसरा, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८५ सालीं निघालेला पुणें जिल्ह्यावरील अठरावा खंड. हे ग्रंथ टाकाऊ आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांची पारख जशी व्हावयास पाहिजे होती तशी झालेली नाहीं, आणि ती न होण्याचें कारण ग्रंथांपेक्षां ते वाचणारांत अधिक आहे, एवढेंच दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

मॅकिंटॉश हा अहमदनगरच्या पोलीस पथकावरील अंमलदार होता. १८३० च्या सुमारास डोंगरांत उठलेल्या कोळ्यांच्या टोळ्यांचा माग काढणें हें त्याचें काम होतें, व त्या कामाच्या ओघांतच त्यानें आपली माहिती जमविली. तो मेहनती व चौकस होता यांत शंका नाहीं. कुळें, नाईक, देवदेवता, चालीरीति यांची त्यानें केलेली नोंद नसती तर आज पुष्कळ गोष्टी कळल्याच नसत्या. परंतु पाठलाग करणाराच्या नजरेस माणूस आधीं टोळीवाला दिसतो व मग शेतकरी. ज्या जमातीची प्रमुख लेखी साक्ष तिला पकडावयास गेलेल्या अंमलदाराची आहे, त्या जमातीचा इतिहास लिहितांना ही गोष्ट पहिल्याच पानावर नमूद व्हावयास हवी. आमच्याकडील लेखांत ती क्वचितच आढळते.

याहूनहि लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. शिवनेरी किल्ल्यावर, बंड मोडल्यानंतर कोळ्यांचे शिरच्छेद जेथें झाले तो काळा चौथरा, ही हकीकत आपण निःशंकपणें उतरून घेतों व खालीं मॅकिंटॉशचें नांव देतों. ती त्यास कोणत्या दफ्तरांत सांपडली? ती परंपरेनें चालत आलेली सांगण्यांतली गोष्ट होती. तीच गोष्ट घाटमाथ्यावरच्या म्हाताऱ्यानें आज सांगितली तर आपण तिला दंतकथा म्हणतों. कॅप्टनानें इंग्रजींत लिहिली म्हणून ती साधन झाली. साक्ष तीच, साक्षीदार तेच. बदलली ती फक्त लेखणी धरणाराची जात.

आतां गॅझेटियरकडे वळूं. आंबेगांव भागांतील जांभोरीचा होन्या भागोजी केंगले यानें १८७३ पासून सावकारांवर जे हल्ले केले, त्यांत कित्येकांचीं नाकें कापलीं गेलीं, त्याच्यावर हजार रुपयांचें बक्षीस लावण्यांत आलें, व १८७६ सालीं मेजर डॅनियल यानें त्यास पकडलें, एवढी हकीकत तेथें मिळते. पण कोळ्यांचें प्रकरण निराळें आणि भांडवल व सावकारी यांचें प्रकरण निराळें. दोहोंमधील दुवा वाचकानें स्वतः जोडावयाचा, आणि तो न जोडल्यास होन्याचें कृत्य त्याच्या जमातीच्या स्वभावाचें फळ असें दिसूं लागतें. याच सुमारास, १२ मे १८७५ रोजीं, भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. त्या दंग्याची चौकशी करण्यास सरकारनें कमिशन नेमलें. कमिशननें कर्ज, व्याज, जमीनमहसूल व न्यायालयाचे हुकूमनामे यांचा शोध केला. मैदानांतल्या माणसाच्या दंग्यास कारणें असतात, डोंगरांतल्या माणसाच्या दंग्यास केवळ जात पुरते, अशी ही विभागणी आहे. ती कोणी एकानें द्वेषानें केलेली नाहीं. ग्रंथाच्या मांडणींतच ती बसलेली आहे, व म्हणूनच ती सहजासहजीं दिसत नाहीं.

हाच भेद आपल्या देशी कागदांतील शब्दांतहि आहे. जव्हार-राजूरच्या डोंगरांतील जावजी बांबळे याचें उदाहरण घ्या. पेशवाईच्या उत्तरार्धांत तो सरकारचा गुन्हेगार ठरून डोंगरांत फिरत होता. पुढें तुकोजी होळकराच्या मध्यस्थीनें त्याचा गुन्हा माफ झाला आणि साठ गांवांच्या बंदोबस्ताचें काम त्याच्याकडे आलें. १७८९ सालीं मरेपर्यंत तो मानानें राहिला. माणूस तोच, माणसें तींच, डोंगर तेच. काल जो पुंड होता तो आज अधिकारी झाला, कारण त्याच्या बाजूनें एक कागद झाला. सरदार धन्यास सोडून जातो तेव्हां आपण त्यास राजकारण म्हणतों. नाईक जातो तेव्हां पुंडाई म्हणतों. कागद लिहिणारानें तसें म्हटलें तर तो त्याचा पक्ष होता. दोनशेंहून अधिक वर्षांनीं आपणहि तोच शब्द अवतरणचिन्हांवांचून वापरावा, यास काय म्हणावें?

येथें मूळ मुद्द्यास हात घालणें प्राप्त आहे. आपल्या संशोधनाचा पाया कागद हा आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु कागद कोण लिहीत असे? कुळकर्णी, कारकून, सावकार, फडणीस, व नंतर साहेब. तो राहिला कोठें? देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत, इनामदारांच्या पेट्यांत, मठांत व सरकारी दफ्तरखान्यांत. आणि आज रुमाल सोडून तो वाचणारा कोण? बहुतेक त्याच लेखक वर्गांतला. याला आम्ही लेखणीचें वतन म्हणतों. जमिनीचें वतन गेलें तें सर्वांस दिसलें; हें वतन अजून चालू आहे, कारण तें वतन आहे असें वतनदारास वाटतच नाहीं. त्याला तें आपल्या बुद्धीचें व परिश्रमाचें फळ वाटतें. डोंगरकोळ्याच्या घरीं कागद नसे. असलाच तर तो त्याच्याविरुद्ध सावकाराच्या घरीं असे.

न्यायालयांनीं हा पेंच आमच्या आधीं ओळखला. खतावर अंगठा असला कीं दावा सिद्ध, या रीतीनें काय झालें तें १८७५ नें दाखविलें. म्हणून पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठीं १८७९ सालीं झालेल्या कायद्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन, मूळ व्यवहार केव्हां व कसा झाला, रक्कम खरोखर किती दिली, हें पाहण्यास लावलें. इतिहासकारानें याहून अधिक कांहीं करावें असें आम्ही मागत नाहीं. त्यानेंहि खताच्या मागें जावें.

यावर असा आक्षेप येईल कीं, तोंडी परंपरा भरंवशाची नसते. ती वाढते, बदलते व सोयीप्रमाणें वळते. आक्षेप खरा आहे. पण मल्हार रामराव चिटणीस याची बखर शिवछत्रपतींच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिली गेली, आणि तिच्यांतहि ऐकीव मजकूर थोडा नाहीं. तिला आपण टाकून देत नाहीं. चाळणी लावून वापरतों. कुलवृत्तांतांतील मूळ पुरुषाची कथा आपण आदरानें छापतों. चाळणी दोहोंस एकच असावी. एका घरच्या ऐकीव गोष्टीस परंपरा व दुसऱ्या घरच्या ऐकीव गोष्टीस गप्प असें नांव देणें हा प्रमाणविचार नव्हे. तो जातिविचार आहे.

संस्कृत शास्त्रांचा आधार घेऊन या भेदाचें समर्थन करूं पाहणारांस तो आधार मिळणार नाहीं. अमरकोशांत किरात, शबर व पुलिंद यांस म्लेच्छ जातींत घालून शूद्रवर्गांत बसविलें आहे हें खरें. परंतु कोश शब्दांचा व्यवहार सांगतो; साक्षीचें लक्षण न्यायशास्त्र सांगतें. आप्ताच्या उपदेशास शब्दप्रमाण म्हणावें या न्यायसूत्रावर भाष्य करतांना वात्स्यायन स्पष्ट सांगतो कीं, आप्ताचें हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या तिघांसहि समान आहे. ज्यानें वस्तु स्वतः जाणली आहे व जी जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. त्यापुढें त्याचें कूळ विचारण्याचें कारण नाहीं. मीमांसेंत शबरस्वामी याहून एक पाऊल पुढें जातो. पिक, तामरस असे जे शब्द आर्यांच्या व्यवहारांत नाहींत, त्यांचा अर्थ व्युत्पत्तीनें ओढून न काढतां म्लेच्छांच्या व्यवहारांतूनच घ्यावा, व पक्षी पाळणें-पकडणें यांत ते अधिक जाणते आहेत, असें तो म्हणतो. वेदवाक्याच्या अर्थासाठीं जें चालतें तें घाटाच्या इतिहासासाठीं कां चालूं नये?

परदेशांतहि हा वाद झाला आहे. कॅनडांतील गित्क्सन व वेट्सुवेटेन या मूळ रहिवाशांच्या दाव्यांत त्यांच्या मौखिक इतिहासास खालच्या न्यायाधीशानें १८९१ नव्हे, तर चक्क १९९१ सालीं स्वतंत्र महत्त्व देण्याचें नाकारलें. १९९७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला व मौखिक इतिहासास लेखी पुराव्याच्या बरोबरीनें जागा द्यावी असें ठरविलें. आपल्याकडेहि २००६ च्या वनहक्क कायद्याखालील तेराव्या नियमांत वडीलधाऱ्यांचें लिहून घेतलेलें निवेदन, तसेंच देवाचीं झाडें व देवराया, हीं पुरावा म्हणून मोजलीं आहेत. त्याच नियमांत गॅझेटियर व संशोधनपर अभ्यास यांचेंहि नांव आहे. म्हणजे ज्या ग्रंथाची आम्ही येथें पारख करीत आहोंत तो, आणि आपण लिहितों तें, उद्यां कोणाच्या तरी रानाच्या हक्कासाठीं वा हक्काविरुद्ध पुढें येऊं शकतें. आपलें मौनहि मग निर्दोष राहत नाहीं.

आंबेगांव तालुक्यांतील आहुपें हें गांव या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. तेथूनच घोड नदीचा उगम. तेथूनच जुनी घाटवाट मुरबाडच्या बाजूस कोंकणांत उतरते. गांवाला भैरवनाथाची देवराई आहे. जुन्नर तालुक्यांतील नाणेघाटास सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, म्हणून त्यावर शेंकडों पानें लिहिलीं गेलीं. आहुप्याच्या घाटास लेख नाहीं, म्हणून त्यास इतिहास नाहीं असें आपण धरून चाललों. वास्तविक ती वाट कोणीं राखली, कोणत्या कुळाकडे कोणतें काम होतें, राईंतील झाड तोडावयाचें तर कोणाला विचारावें लागे, हिरडा गोळा करण्याचा हक्क कोणाचा, हें सर्व तेथील लोक जाणतात. ती स्मृति म्हणजेच त्या गांवाचें दफ्तर होय.

दुसऱ्या बाजूचाहि धोका सांगितला पाहिजे. चोर म्हणावयाचें सोडून होन्यास एकदम अवतारी पुरुष करणें हीहि पारख नव्हे. ज्यांचीं नाकें गेलीं तींहि माणसें होतीं, आणि सावकार म्हटला कीं तो राक्षस, हाहि जातीवरून स्वभाव ठरविण्याचाच प्रकार आहे. पाहिजे तो न्याय, भरपाई नव्हे.

तेव्हां घाटमाथ्यासंबंधीं लिहिणारांस आमची सूचना अशी. प्रत्येक कागदाखालीं तो कोणीं, कोणासाठीं व कोणाविरुद्ध लिहिला हें नोंदवावें. पुंड, चोर, बंडखोर हे शब्द कागदाचे असतील तर कागदाचे म्हणूनच द्यावे, आपले करूं नयेत. मौखिक वृत्तांत घेतांना सांगणाराचें गांव, दिवस व पाठभेद हस्तलिखिताच्या पाठभेदांइतक्याच काळजीनें टिपावे, व ते सांगणारास वाचून दाखवावे. आणि ज्यांच्या संग्रहीं या भागांतील खतें, रोखे वा वसुलाचे कागद असतील, त्यांनीं ते प्रसिद्ध करतांना त्यांत ज्यांचीं नांवें आहेत त्यांच्या गांवीं जाऊन दुसरी बाजू विचारावी. गांवें अद्याप तेथेंच आहेत. विचारावयास जाणाराचीच काय ती उणीव आहे.