पोलोच्या गिअरची जुळणी

कासारवाडीला नाशिक फाट्यावर वळलं की भोसरी, मोशी मागे टाकत रस्ता चाकणला पोहोचतो. तिथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्‌घाटन ३१ मार्च २००९ला झालं आणि पुढे वर्षानुवर्षं तिथून पोलो बाहेर पडत राहिली. २०२२मध्ये ती बंद झाली. रस्त्यावर अजून भरपूर आहेत, आणि वय झालेल्या गाड्यांचे गिअर कुरकुरायला लागले की त्या फाट्याच्या आसपासच्या एखाद्या गॅरेजात बोनेट उघडून उभ्या राहतात. गिअर लिंकेजची जुळणी चालू असेल तर मी तिथून हलत नाही. गाडीच्या साऱ्या कामांत इतकं देखणं काम मला दुसरं माहीत नाही.

गिअरच्या दांड्याला दोनच हालचाली येतात. आडवी हालचाल गल्ली निवडते: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, की पाचवा. उभी हालचाल त्या गल्लीत शिरून गिअर टाकते. पोलोत या दोन हालचालींसाठी दोन वेगळ्या केबली आहेत. त्यामुळे बिघाडही वाचता येतो. तिसरा-चौथा नीट पडतो, पण पहिल्या-दुसऱ्याची गल्लीच सापडत नाही, तर दोष आडव्या केबलीचा. पहिला, तिसरा, पाचवा घट्ट बसतात आणि दुसरा, चौथा अर्धवट बसून उसळून बाहेर येतात, तर उभी केबल सरकली आहे. चांगला मिस्त्री आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघतो. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर तो लिंकेजला हातच लावत नाही, क्लच बघायला घेतो. हे पाच मिनिटांचं निदान मला निम्म्या कामाइतकं मोलाचं वाटतं.

यापूर्वीच्या रचनेतही रस होताच. मारुती ८००मध्ये केबल नव्हती, लोखंडी रॉड होता. तो गोल फिरला की गल्ली बदलायची, पुढेमागे सरकला की गिअर पडायचा. त्याच्या सोबतीला दुसरा रॉड दांड्याचं बूड थेट गिअरबॉक्सला बांधून ठेवायचा. अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन आपल्या माउंटिंगवर डुलतं, तेव्हा दांडाही त्याच्याबरोबर डुलावा आणि पडलेला गिअर सुटू नये, एवढ्यासाठी. फार शहाणी योजना. फक्त बुश झिजले की दांडा हातात वळवळायला लागायचा. केबल लवचीक असल्यामुळे इंजिन डुललं तरी तिला फरक पडत नाही, पण तिची लांबी मात्र अचूक लागते.

ती लांबी ठरवायची रीत अशी. गाडी न्यूट्रलला ठेवायची. गिअरबॉक्सकडच्या टोकाला दोन्ही केबलींवर स्प्रिंगची एकेक कॉलर असते. ती पुढे ओढून फिरवली की केबलीची पकड सुटते. मग गिअरबॉक्सचा शाफ्ट खाली दाबायचा आणि दाबून धरलेला असतानाच शेजारची वाकडी कडी फिरवायची. शाफ्ट जागच्या जागी कुलूपबंद होतो. आता गाडीत बसायचं, दांड्याचं चामडी आवरण वर काढायचं, न्यूट्रलमध्येच दांडा डावीकडे न्यायचा आणि भोकं समोरासमोर आली की पिन आरपार घालायची. कंपनीची पिन नसेल तर साडेचार मिलिमीटरचं ड्रिल बिट चालतं.

इथे काम शिगेला पोहोचतं. दोन्ही टोकं पक्की आहेत, मधल्या केबली मोकळ्या.

"दादा, सोडू का कॉलर?"

"थांब. कडी पूर्ण बसलीय का, हाताने बघ आधी."

कॉलर सोडली की स्प्रिंग तिला मागे खेचते आणि केबल जिथे आहे तिथेच धरली जाते. पाना लागत नाही, मोजपट्टी लागत नाही. माणसाने लांबी ठरवलेलीच नसते. त्याने दोन्ही टोकांना त्यांच्या हक्काच्या जागी उभं केलं आणि केबलीने आपलं माप आपण घेतलं. ज्याने कुणी ही कॉलर योजली त्याला कारागिराच्या हाताची आणि घाईची दोन्हींची पुरती जाण होती. अंदाजाने ओढून, ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत बसवलेली केबल आणि ही केबल यांतला फरक पहिल्याच सिग्नलला तळहाताला कळतो.

मग कडी परत फिरवायची, पिन काढायची. सोडलेला दांडा आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या गल्लीत येऊन उभा राहिला पाहिजे. रिव्हर्ससकट सगळे गिअर टाकून बघायचे; रिव्हर्स दांडा खाली दाबूनच पडतो, तिथे अडखळ चालत नाही.

शेवटची परीक्षा दोघांची आहे आणि घाईच्या गॅरेजात नेमकी तीच गाळली जाते. पहिला गिअर टाकून एकाने दांडा डावीकडे टेकेपर्यंत दाबायचा आणि सोडायचा. दुसऱ्याने बोनेटखाली वाकून शाफ्टवर नजर ठेवायची. शाफ्ट साधारण एक मिलिमीटर हलायला हवा. तेवढा हलला नाही, तर कॉलर पुन्हा ओढायची आणि सगळं पहिल्यापासून करायचं.