हजार मोहरांचे नाणे आणि एक टनाचे नाणे

आग्र्याच्या टाकसाळीत १६१३ साली जहांगीर बादशहासाठी हजार मोहरांचे एकच नाणे घडले. वजन सुमारे बारा किलो, व्यास वीस सेंटिमीटर. बाजारात चालवायला ते नव्हतेच. अशी नाणी बादशहा परदेशी वकिलांना आणि मर्जीतल्या माणसांना देई. १९८७ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ते पुढे आले, तेव्हा चर्चा झाली ती किमतीची. त्याचे खरे वैभव अक्षरांत आहे. अकरा ग्रॅमच्या नेहमीच्या मोहरेवर शब्द एकमेकांवर चढवून बसवावे लागत, ठसा नाण्याहून मोठा असल्याने कडेची अक्षरे कापली जात. इथे फारसी ओळींना ऐसपैस जागा मिळाली. नस्तालिक लिपीचे बाक पूर्ण फिरले, मधल्या मोकळ्या जागेत वेलबुट्टी उमलली. नाणे मोठे व्हायला हवे होते, ते या लिपीसाठी.

सोन्याच्या आजच्या महाकाय नाण्यांत हे कारणच सापडत नाही. ऑस्ट्रियाने २००४ मध्ये ३१ किलोचे, कॅनडाने २००७ मध्ये १०० किलोचे नाणे काढले. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या टाकसाळीने २०११ मध्ये १,०१२ किलोचे नाणे लोकांपुढे ठेवले: व्यास जवळजवळ ८० सेंटिमीटर, जाडी १२ सेंटिमीटरहून अधिक. त्यावर उडी मारणारा कांगारू आणि मागे सूर्यकिरण. चित्र स्टुअर्ट डेव्हलिन या मोठ्या कलाकाराचे, रेषा नेटकी आहे. पण तेच चित्र एका औंसाच्या नाण्यावरही तितकेच भरते. मग उरलेल्या सोन्याने काय सांगितले? फक्त वजन.

अडचण कारागिरीचीही आहे. व्यास दुप्पट झाला की ठसा उमटवायला चौपट जोर लागतो, त्यामुळे एवढी मोठी नाणी पाडता येत नाहीत. पर्थचे ओतीव आहे. ठशाच्या एका दाबात सोन्याला येणारी धार ओतकामात आपोआप येत नाही. ती हाताने काढावी लागते, आणि शुद्ध सोने इतके मऊ की जरा हात घसरला तरी ओरखडा राहतो.

म्हणूनच ब्रिटनच्या रॉयल मिंटचे २०२१ चे दहा किलोचे नाणे मला या सगळ्यांत सरस वाटते. चारशे तास काम, त्यात यंत्राचे कोरीवकाम आणि चार दिवसांची झिलई. जोडी क्लार्कने त्यावर राणीचे दहा राजचिन्ही प्राणी एकत्र आणले. त्यांची आयाळ, नखे, खवले दिसायला मोठा पृष्ठभाग लागतोच. जहांगीरच्या कारागिरांनी अक्षरांसाठी मागितली तशी जागा या चित्राने मागितली आहे. पर्थच्या कांगारूने ती कधी मागितलीच नव्हती.