फुलाला नाव आहे, हातांना नाही

लंडनच्या क्यू उद्यानात एका स्त्रीच्या चित्रांसाठी बांधलेली स्वतंत्र इमारत आहे. मेरिअन नॉर्थ या इंग्रज चित्रकर्तीने ती स्वखर्चाने उभारली. १८८२ साली ती लोकांसाठी खुली झाली. आत जगभरच्या वनस्पतींची आठशेहून अधिक तैलचित्रे आहेत. त्यांतली अनेक तिने १८७७ ते १८७९ या काळात भारतात काढली.

तिचे कर्तृत्व मी नाकारीत नाही. इंग्रज स्त्रीलाही विद्यापीठाची दारे जवळपास बंद असताना तिने वनस्पतिशास्त्रात जागा मिळविली. कोऱ्या कागदावर एकटे रोप काढण्याचा शास्त्रीय प्रघात मोडून तिने झाड त्याच्या रानासकट रंगविले. बोर्निओतील एका घटपर्णीला तिचे नाव मिळाले.

परंतु या चित्रांत केवळ स्त्रीचा विजय पाहणारी समीक्षा मला अपुरी वाटते. नॉर्थ खासदाराची मुलगी. वडिलांची संपत्ती आणि साम्राज्याच्या अधिकाऱ्यांचा पाहुणचार तिच्यापाशी होता. ती दक्षिणेत उतरली तेव्हा मद्रास व मुंबई इलाख्यांत १८७६-७८ चा दुष्काळ माणसे गिळीत होता. रानातला कोणता पाला खाऊन जगता येते हे ज्या बायांना ठाऊक होते, त्यांचेही ते वनस्पतिज्ञानच होते. त्याला ना कागद मिळाला, ना भिंत.

आपल्याकडचेच पाहा. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सनने १८४७ ते १८५० मध्ये १७२ चित्रे काढवून घेतली. गिब्सनचे नाव राहिले; ज्या देशी चित्रकाराने ती काढली त्याच्या नावाची नोंदच झाली नाही.

नावे नोंदवण्याची त्या काळी रीतच नव्हती, असे कोणी म्हणेल. त्याला ‘होर्टुस मलबारिकुस’ दाखवावा. मलबारच्या वनस्पतींचा हा ग्रंथ डचांनी १६७८ ते १६९३ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला. त्याच्या पहिल्याच खंडात इट्टी अच्युतन या वैद्याचे निवेदन नावानिशी आहे. तो एझवा, म्हणजे सवर्णांनी अस्पृश्य ठरविलेल्या जातीचा. डचही लुटायलाच आले होते. तरी त्यांना एक नाव लिहिता आले. मग इतरांना ते का जमू नये?

म्हणून स्त्रीला इतिहासात जागा मागणाऱ्यांनी, कोणत्या स्त्रीला, हा प्रश्नही विचारला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आया-आज्यांना ठाऊक असलेल्या रानभाज्यांची नावे वहीत उतरवावीत, आणि प्रत्येक नावाशेजारी सांगणारीचे नाव लिहावे.