मतमोजणी आणि सत्ता : लेनिनच्या एका लेखाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :
रशियात नोव्हेंबर १९१७ मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली. स्त्रियांसह सर्व प्रौढांना गुप्त मतदानाचा अधिकार देणारी ही निवडणूक बोल्शेविकांनी सत्ता घेतल्यानंतर लगेच पार पडली. १८ जानेवारी १९१८ रोजी सभेची पहिली बैठक भरली आणि दुसऱ्याच दिवशी ती बरखास्त करण्यात आली. या निकालाचे विश्लेषण लेनिनने डिसेंबर १९१९ मध्ये 'संविधान सभेच्या निवडणुका आणि कामगारवर्गाची हुकूमशाही' या लेखात केले. प्रस्तुत लेखात त्या युक्तिवादाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
या लेखाचा पहिला गुण म्हणजे आकडेवारीबाबतचा प्रामाणिकपणा. लेनिनने समाजवादी क्रांतिकारक पक्षाच्या, म्हणजे विरोधकांच्या, अभ्यासकाने जमविलेली ५४ मतदारसंघांची आकडेवारी स्वीकारली. सुमारे ३ कोटी ६२ लाख मतांपैकी बोल्शेविकांना २५ टक्के, तर समाजवादी क्रांतिकारक, मेन्शेविक आदी पक्षांना मिळून ६२ टक्के मते पडल्याचे त्याने मान्य केले. पराभव न लपविता त्याचा अर्थ लावण्याचा हा प्रयत्न प्रचारकी लेखनाहून निश्चितच वरच्या दर्जाचा आहे.

त्याचा मुख्य मुद्दा मतांच्या भौगोलिक विभागणीचा आहे. पेट्रोग्राड व मॉस्को येथे बोल्शेविकांना सुमारे ४७ टक्के मते होती. उत्तर व पश्चिम आघाड्यांवरील सैन्यात तर स्पष्ट बहुमत होते. निर्णायक क्षणी निर्णायक ठिकाणी बळ असल्याने विजय मिळाला, असे तो सांगतो. विजयाचे स्पष्टीकरण म्हणून हे पटण्यासारखे आहे. मात्र विजय का मिळाला आणि राज्य करण्याचा अधिकार कशाने मिळाला, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. लेखात पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवले जाते.

शेतकऱ्यांची संमती सत्तेनंतर, जमिनीच्या वाटपातून मिळविता येते, हा लेखातील दुसरा मुद्दा. ती मिळाली की नाही, हे तपासण्याचे साधन कोणते, याचे उत्तर तेथे नाही. समाजवादी क्रांतिकारकांच्या उमेदवारयाद्या पक्षफुटीपूर्वीच्या होत्या, हा डिसेंबर १९१७ मधील लेनिनचा आक्षेप वजनदार होता. त्या वेळी त्याने फेरनिवडणुकीचा मार्गही सुचविला होता. ती निवडणूक कधीच झाली नाही. उलट १९१८ च्या राज्यघटनेने काही वर्गांचा मताधिकार काढून घेतला. अखिल रशियन सोव्हिएत काँग्रेससाठी शहरात २५,००० मतदारांमागे, तर प्रांतात १,२५,००० रहिवाशांमागे एक प्रतिनिधी ठरला. ज्या ग्रामीण मतदाराची संमती गृहीत धरली, त्याच्याच मताचे मूल्य घटविले गेले.

निष्कर्ष :
१९३६ च्या राज्यघटनेने समान व गुप्त मतदान कागदावर परत आणले. परंतु डिसेंबर १९३७ च्या निवडणुकीत प्रत्येक जागेसाठी एकच उमेदवार होता. १९१९ च्या लेखातील आकडे आजही उपयुक्त आहेत, कारण मतदाराला खरी निवड होती अशा निवडणुकीतून ते आले. मतमोजणीतून सामर्थ्य अचूक वाचणाऱ्या लेनिनने आपल्या राजवटीबद्दल लोकांचे मत मोजण्याची तशी सोय मागे ठेवली नाही, ही या लेखाची मूलभूत मर्यादा होय.