आजींचा बाक आणि प्रस्तावातलं ते एक वाक्य

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरने पीएचडी प्रवेशासाठीचा प्रस्ताव वाचायला पाठवला. विषय चांगला होता, ग्रामीण भागातल्या बायकांसाठी समुपदेशन. पद्धतीच्या प्रकरणात मात्र एकच वाक्य: 'सदर कार्यक्रम स्थानिक संस्कृतीनुसार अनुकूलित केला जाईल.' कोण करणार, कसा करणार, झाला हे कशावरून ठरवणार, काही नाही. वाक्याच्या शेवटी संदर्भ होता झिम्बाब्वेच्या 'फ्रेंडशिप बेंच'चा. समाजकार्य आणि मानसिक आरोग्यावरच्या प्रस्तावांत हल्ली हा पेपर हमखास दिसतो. मीही दिला होता, आणि खरं सांगायचं तर तेव्हा फक्त सारांश वाचला होता. म्हणून आज तो जरा नीट बघू.

पार्श्वभूमी थोडक्यात. २००५ मध्ये झिम्बाब्वे सरकारने शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडल्या. त्यानंतर हरारेतल्या एमबारे वस्तीत काम करायला डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाकडे ना जागा होती ना माणसं. होत्या त्या १४ आजी, दवाखान्याशी आधीपासून जोडलेल्या स्वयंसेविका. त्यांनाच शिकवलं आणि दवाखान्याबाहेर बाक टाकला. चिबांडा सांगतात की आधी त्याचं नाव 'मानसिक आरोग्य बाक' असं ठेवलं होतं. आजींनी बजावलं, अशा बाकावर कुणी बसणार नाही. तेव्हा नाव बदललं. आजार म्हणून शोना भाषेतला शब्द घेतला 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं. बोलण्याच्या पायऱ्यांनाही शोना नावं: आधी मन उघडणं, मग उभारी देणं, मग बळ देणं.

याची चाचणी २०१६ मध्ये 'जामा'त छापून आली. हरारेतले २४ दवाखाने, ५७३ माणसं. अर्ध्या दवाखान्यांत बाकावरच्या सहा बैठका, शिवाय ज्यांना हव्या त्यांना गटबैठका. उरलेल्यांत नेहमीचे उपचार, त्यात थोडी माहिती आणि आधाराची भर. सहा महिन्यांनी १४ प्रश्नांच्या मापनीवर सरासरी गुण ३.८१ विरुद्ध ८.९०. कमी गुण म्हणजे त्रास कमी. मी एमएस्सी संख्याशास्त्राची, एवढा फरक बघून मलाही आनंदच झाला.

आता अडचण. इथे तुलना कशाची कशाशी झाली? बाक, आजी, शोना शब्द, सहा बैठका, गट, कुणीतरी आपलं ऐकून घेतंय ही भावना, हे सगळं मिळून एक गाठोडं, आणि त्याची तुलना नेहमीच्या उपचारांशी. अनुकूलनाचा परिणाम वेगळा काढायचा तर तिसरा गट लागला असता: तीच पद्धत, तेवढ्याच बैठका, पण पुस्तकी शब्दांत, दवाखान्याच्या खोलीत, नर्सकडून. तो गट नव्हता. त्यामुळे या पेपरातून 'हे गाठोडं उपयोगी पडलं' एवढंच निघतं. 'संस्कृतीशी जुळवलं म्हणून उपयोगी पडलं' हे निघत नाही. व्हायव्हात कुणी हा प्रश्न विचारला तर ज्युनिअरकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नसतं.

आणखी एक गंमत. बाकावर आजी जे करतात त्याचा गाभा समस्या-निराकरण थेरपीचा आहे: अडचणींची यादी करा, एक निवडा, त्यावर करता येईल असा उपाय शोधा. हा गाभा पाश्चात्त्यच. काही टीकाकार एवढ्यावरून 'मग यात स्थानिक ते काय?' म्हणतील. मला ते पटत नाही. कारण खरं कष्टाचं काम वेगळ्याच ठिकाणी झालंय, ते म्हणजे मोजपट्टीत. त्या १४ प्रश्नांची मापनी १९९० च्या दशकात हरारेत तयार झाली. विक्रम पटेल, मूळचे मुंबईचे, तेव्हा तिथे काम करत होते. पुढे गोव्यात 'संगत' संस्था सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. इंग्रजी प्रश्नावली घेऊन तिचं भाषांतर करायचं सोडून तिथल्या लोकांच्या तोंडचे शब्द गोळा केले आणि त्यातून प्रश्न घडवले. बाकाचे फोटो सगळे स्लाइडमध्ये लावतात, या मापनीचा पेपर कुणी उघडत नाही.

मला हे का टोचतं ते सांगते. माझ्या पायलट अभ्यासात मी नैराश्याची एक प्रश्नावली मराठीत केली. भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांची सही, सगळं रीतसर. एका गावात साधारण पन्नाशीच्या मावशींना विचारलं, 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उदास वाटलं?' त्या म्हणाल्या, 'उदास व्हायला टाइम कुठंय बाई?' मी शून्य लिहिलं. रस गेला का? नाही. स्वतःबद्दल वाईट वाटतं का? नाही. झोपेबद्दल विचारलं तर म्हणाल्या, 'लागती की.' एकूण शून्य. निघताना दाराशी चप्पल घालत होते, तेव्हा त्या स्वतःहून म्हणाल्या, 'रात्री तीनला उठून बसते गं. विचार लई येत्यात. डोस्क्यात नुसतं गिरगिर गिरगिर.'

कुफुंगिसिसाच की हे! हरारेत त्याला मापनीत जागा मिळाली, माझ्या तक्त्यात त्या मावशी 'लक्षणं नाहीत' या रकान्यात गेल्या. आशाताईंना सांगून पुढची सोय केली, पण फाइलमध्ये त्यांच्या नावाच्या जागी असलेल्या क्रमांकासमोर आजही शून्यच आहे, कारण नियमाने आकडा बदलता येत नाही.

म्हणजे सगळं संस्कृतीवर ढकलायचं का? तेही नाही. गोव्यातली 'मानस' चाचणी बघा, २०१० ची, 'लॅन्सेट'मधली. तिथेही डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकच होत्या. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरं झालेल्यांचं प्रमाण ६५.९ टक्के विरुद्ध ४२.५ टक्के. खासगी डॉक्टरांकडे मात्र फरक दिसलाच नाही. राज्य तेच, भाषा त्याच, बदलला तो दवाखाना. तिथे 'स्थानिक संस्कृती' हे उत्तर चालत नाही. डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतो, त्याला ओळखतो का, हे विचारावं लागतं.

आणि आजींचं काय? ज्युनिअरच्या प्रस्तावात पुढे 'गावातील ज्येष्ठ महिलांना प्रशिक्षण' असंही होतं. मी त्याला विचारलं, तुझ्या गावातली सून गल्लीतल्या आजीला मनातलं सांगेल? तो हसला. 'अहो ताई, संध्याकाळपर्यंत सासूच्या कानावर जाईल.' शोना समाजात आजीकडे जी जागा आहे ती आपल्याकडे कदाचित मामीकडे असेल, माहेरच्या मैत्रिणीकडे असेल, बचत गटाच्या बाईकडे असेल. कुणाकडे, हे दवाखान्यात बसून कळणार नाही.

त्याने ते वाक्य काढलंय. त्या जागी आता पहिल्या सहा महिन्यांचं काम लिहिलंय: तीन गावं, बायकांशी गप्पा, दोनच प्रश्न. जिवाला लागलं की तुम्ही त्याला काय म्हणता, आणि कुणाजवळ बोलता. त्याचे गाइड म्हणाले, 'यात गृहीतक कुठाय?' त्यावर पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे.