पंडितराज आपल्या रंगमंचावर

'संगीत पंडितराज जगन्नाथ'चा आपला प्रयोग होऊन काही महिने लोटले, तरी इंडियन स्टोअरमध्ये भेटणारी माणसं अजून त्याच्याविषयीच बोलतात. तळघरातल्या एकांकिकांपासूनची आपल्या मराठी मंडळाची वाटचाल सभासदांना मी नव्याने सांगायला नको. पण विद्याधर गोखल्यांचं १९६० सालचं, वसंत देसाईंच्या संगीताने नटलेलं हे नाटक, नोकऱ्या सांभाळून शनिवार-रविवारी तालमी करणाऱ्यांनी परदेशात उभं केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

कथा आपल्या पिढीला ठाऊक असलेली. शाहजहानच्या दरबारात 'पंडितराज' झालेला आंध्रचा कवी. इतका मानी की 'रसगंगाधर' या आपल्या ग्रंथात उदाहरणादाखल दुसऱ्या कुणाचे श्लोक न घेता स्वतःचेच रचून घातले. लवंगी या मुसलमान मुलीवर त्याचा जीव जडला आणि काशीच्या पंडितांनी त्याला वाळीत टाकलं. या लवंगीबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण तिच्यासह घाटावर बसून तो 'गंगालहरी' म्हणू लागला, दर श्लोकाला गंगा एकेक पायरी चढत आली आणि तिने दोघांना पोटात घेतलं, ही आख्यायिका काही पुसली जात नाही.

आपल्या प्रयोगातला तो घाट मी विसरणार नाही. पायऱ्या प्लायवूडच्या, गंगा म्हणजे निळ्या कापडाचा तागा, दोन्ही विंगांतून मुलं हळूहळू ओढत होती. जगन्नाथाने सूर लावला तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरांचे फोनसुद्धा विझले. इथेच जन्मलेली आपली लवंगी नुसती त्याच्याकडे बघत उभी होती. संवाद तिने रोमन लिपीत लिहून पाठ केले होते, पण त्या उभं राहण्यात कुठलीही लिपी आड आली नाही. बाहेर बर्फ पडत होतं आणि कुणालाही घरी जायची घाई नव्हती.

हे ज्यांच्यामुळे झालं त्या आपल्या मावशींना मी वंदन करतो. शेले, अंगरखे, लवंगीचा घागरा, सगळं त्यांनी रात्री जागून शिवलं. पेटीवाले काका दर तालमीला दोन तास गाडी हाकत आले. अशी माणसं आहेत म्हणून मंडळ आहे.

तडजोडी झाल्या, त्या मात्र मला खुपतात. आगीच्या नियमामुळे नटराजपूजेला बॅटरीचं निरांजन लावलं, ते चाललं. सभागृह वेळेत रिकामं करायचं म्हणून पदं कापली, तेही एक वेळ समजू शकतो. पण तबलजी मिळाला नाही तर ट्रॅकवर गाऊ, असं तालमीत कुणी तरी म्हणालं, तेव्हा पोटात गोळा आला. नाट्यपद जागेवर फुलतं. वन्स मोअर आला की गायक वेगळी जागा घेतो, तबला त्याच्यामागे धावतो. ट्रॅक ठरल्या क्षणी संपतो. ती वेळ आली नाही, आणि पुढेही येऊ देऊ नये.

तरुण मुलांची काळजी याहून मोठी आहे. तालमीत एका मुलाने विचारलं, "काका, लग्न वेगळ्या धर्माच्या मुलीशी केलं म्हणून त्याला बाहेर काढलं?" आम्ही मोठी माणसं गप्प झालो. आपल्या कितीतरी घरांत परधर्माच्या सुना आणि जावई आहेत, आणि त्या लग्नांवरून आपण कसे वागलो हे ज्याचं त्याला ठाऊक. मला तेव्हा वाटलं, हे नाटक आपल्यापेक्षा या मुलांचं जास्त आहे. आपण त्यांना नेहमी गणपतीच्या आरत्या आणि लेझीम देतो. त्यांना जगन्नाथही द्यायला हवा, भांडून, प्रश्न विचारून समजून घेता येईल असा.

मूळ संहिता मंडळाच्या कपाटात आहे, पदांची ध्वनिमुद्रणंही आहेत. पुढच्या नाटकाचं वाचन दिवाळीनंतर सुरू होईल. मुलांना दारात सोडून निघून जाऊ नका. त्यांच्या शेजारी बसा आणि एक तरी पद त्यांच्याबरोबर शिका.