'दे इकडे'

आईला मावशीला व्हॉइस मेसेज पाठवायचा होता. तिने माइकवर बोट टेकवलं, उचललं आणि बोलायला लागली. चांगली दोन मिनिटं बोलली. रेकॉर्ड काहीच झालं नाही. दाबून धरायचं, अशी एक ओळ पडद्यावर चमकून गेली होती, पण तोवर आईचं बोलणं सुरू झालं होतं. दुसऱ्यांदा तिने बोट धरून ठेवलं, बोलता बोलता ते डावीकडे सरकलं आणि सगळं पुसलं गेलं. मी म्हटलं, "दे इकडे."

आपल्या अ‍ॅप्सचं डिझाइन सुंदर असतं असं आपण म्हणतो. मला ते उर्मट वाटतं. २००७च्या पहिल्या आयफोनवर लॉक उघडायला एक पट्टी होती. पट्टीत बाण, बाणाशेजारी 'सरकवा' अशा अर्थाचे शब्द आणि त्या शब्दांवरून डावीकडून उजवीकडे धावणारी चमक. बोट कुठे ठेवायचं, कुठल्या दिशेने न्यायचं, सगळं समोर. जन्मात टचस्क्रीन न पाहिलेल्यालाही ते जमायचं. २०१६मध्ये आयओएस १०बरोबर ती पट्टी गेली. बहुधा सगळे शिकले असं गृहीत धरून.

यादी खाली ओढून ताजी करायची युक्ती लॉरेन ब्रिक्टरने ट्वीटी या अ‍ॅपमध्ये आणली. यादी ओढेपर्यंत तिची कसलीच पाटी दिसायची नाही, तरी ती पसरली. कारण वरचं आणखी काही दिसतंय का म्हणून आपण यादी ओढतच असतो. युक्ती चुकून हाताला लागते. डोनाल्ड नॉर्मन आणि याकोब नील्सन यांनी २०१०मध्येच तक्रार केली होती की असल्या खुणा दिसत नाहीत, मग माणसाने त्या शोधायच्या कशा?

माझं उत्तर: चुकत चुकत. आपण तसेच शिकलो, मित्रांच्या फोनवर, काही बिघडलं तर बिघडलं म्हणत. आईच्या फोनमध्ये तिची बँक आहे. ती कशाला उगाच कुठे बोट लावेल?

आणि तिला चुकू न देणारं माणूस मीच. 'दे इकडे' म्हणून मी फोन घेते, माझं बोट इतक्या झपाट्याने फिरतं की तिला ते दिसतही नाही, आणि काम झालं की फोन परत. मी ज्या डिझाइनला उर्मट म्हणते, ते याहून वेगळं काय करतं?

रविवारी मी हात मांडीखाली दाबून बसले. चौथ्या खेपेला मेसेज गेला. अकरा सेकंदांचा. "ताई, हॅलो... जातंय का गं हे?"